ब्रिस्टल बेच्या नद्यांत मोठा रेनबो ट्राउट गळाला कसा लावावा

अलास्काच्या नैर्ऋत्य भागात ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. त्याला येऊन मिळणाऱ्या नद्यांत दर उन्हाळ्यात सॉकाय जातीचे सॅल्मन मासे समुद्रातून अंडी घालायला जितक्या संख्येने चढतात तितके जगात अन्यत्र कुठेही चढत नाहीत. २०२२ साली हा आकडा सात कोटी नव्वद लाखांच्या घरात गेला होता. याच नद्यांत आणि त्यांच्या माथ्यावरच्या सरोवरांत रेनबो ट्राउट राहतो आणि सॅल्मनच्या जिवावर पोसला जातो. आधी सॅल्मनची पिल्ले, मग त्यांची अंडी आणि शेवटी अंडी घालून मेलेल्या सॅल्मनचे मांस, एवढ्या तीन गोष्टींवर त्याच्या वर्षाचा बराचसा हिशेब चालतो. म्हणून इथे पहिल्यांदा येणाऱ्याने ट्राउटचा विचार थोडा बाजूला ठेवावा आणि आधी एकच गोष्ट विचारावी, की या आठवड्यात या नदीत सॅल्मन कोणत्या अवस्थेत आहेत. फ्लाय, म्हणजे पिसे-धाग्यांनी गळावर बांधलेले खोटे भक्ष्य, कोणती बांधायची, लाइन तरंगती हवी की बुडणारी, पाण्यात नेमके कुठे उभे राहायचे, या सगळ्याची उत्तरे तिथून निघतात.

इथला ट्राउट समुद्रात जात नाही. इलिआम्ना आणि नॅकनेक यांसारखी विस्तीर्ण सरोवरे हाच त्याचा समुद्र असतो. इलिआम्ना हे अलास्कातील सर्वांत मोठे सरोवर सुमारे १२५ किलोमीटर लांब आहे. हिवाळा अशा सरोवरांत काढायचा, वसंतात नदीत येऊन अंडी घालायची, पुन्हा सरोवरात परतायचे आणि उन्हाळा उतरताना सॅल्मनच्या अंड्यांसाठी परत नदीत शिरायचे, असा मोठ्या माशांचा फेरा असतो. अठरा ते बावीस इंचांचे ट्राउट इथे नेहमी मिळतात. तिथले जाणकार ज्याला खऱ्या अर्थाने मोठा म्हणतात तो तीस इंचांचा, म्हणजे ७६ सेंटिमीटरचा मासा मात्र दुर्मीळ असतो. थंड पाण्यात वाढ सावकाश होत असल्यामुळे एवढा मासा म्हणजे अनेक हिवाळे काढलेला जुना जीव असतो, ही गोष्ट पुढे मासा हाताळण्याविषयी जे सांगणार आहे त्यासाठी लक्षात ठेवावी.

महिना ठरवणे

या भागातील बहुतेक ट्राउटच्या नद्या वसंतातील विणीच्या काळात बंद असतात आणि ८ जूनला उघडतात. त्या वेळी ट्राउट नुकताच विणीतून मोकळा झालेला, अंगाने उतरलेला आणि भुकेलेला असतो. नेमक्या याच सुमारास सरोवरात एक-दोन वर्षे वाढलेली सॉकायची बोटभर पिल्ले झुंडीने समुद्राकडे निघतात. सरोवराचे पाणी जिथे नदीत उतरते त्या तोंडाशी, उदाहरणार्थ इगिउगिग गावापाशी जिथे इलिआम्नातून क्विचॅक नदी निघते तिथे, ट्राउट त्यांची वाट अडवून बसतात. खूण डोळ्यांना दिसते. कुररी आणि इतर समुद्रपक्षी एकाच जागी घिरट्या घालून सूर मारू लागले, आणि पाण्यावर चंदेरी पिल्लांचा फवारा उडून मागोमाग पाणी फुटले, की ती झुंड तिथे आहे असे समजावे आणि आहे ते सोडून तिकडे जावे. पाठीला ऑलिव्ह किंवा निळसर राखाडी, पोटाला पांढरी आणि कडेने चंदेरी अशी दोन ते तीन इंचांची सडपातळ फ्लाय या दिवसांत चालते. झुंड काही मिनिटांत पुढे सरकते, त्यामुळे फ्लाय आधीच बांधून तयार असलेली बरी.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सॉकायचा मुख्य लोंढा नद्यांत शिरतो. नदीत चढणारा सॅल्मन खाणे थांबवतो, त्याची अंडी अजून पोटात असतात आणि पिल्ले तर केव्हाच निघून गेलेली असतात. ट्राउट विखुरतात. सॅल्मनसाठी येणाऱ्यांचा हा हंगाम आहे. पण केवळ मोठ्या ट्राउटसाठी एवढा खर्च करून येणाऱ्याने जुलैचा मधला काळ टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै संपत आला की किंग आणि चम जातीचे सॅल्मन अंडी घालू लागतात, आणि ऑगस्टमध्ये सॉकाय लहान नद्यांत लाल होऊन जोड्या जमवतात. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून खडी ओढते. दुसरी मादी तिथेच खणू लागली की आधीची अंडी उधळून प्रवाहात वाहत जातात, आणि ती टिपण्यासाठी ट्राउट सॅल्मनच्या मागे काही हातांवर, किंचित खोल पाण्यात, रांगेने उभे राहतात. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील मोरेन आणि फनेल या ओढ्यांची ख्याती याच दिवसांतली आहे. मासे संख्येने सर्वांत जास्त ऑगस्टमध्ये लागतात.

तरीही मला निवड करायची झाली तर मी सप्टेंबर निवडेन. महिनाभर अंडी खाऊन ट्राउटच्या पोटाचा घेर वाढलेला असतो, सरोवरातील मोठे मासे नदीत आलेले असतात, आणि मेलेल्या सॅल्मनचे मांस तुकड्या-तुकड्यांनी वाहू लागलेले असते. नॅकनेक आणि क्विचॅक या मोठ्या नद्यांतील, तसेच इलिआम्नाच्या उत्तर काठावरील लोअर टॅलारिक या छोट्या ओढ्यातील भारी मासे प्रामुख्याने शरदातले आहेत. त्याची किंमत हवामानाने चुकवावी लागते. पाऊस, वादळी वारा आणि सप्टेंबरच्या अखेरीस रॉडच्या कड्यांत गोठणारे पाणी यांची तयारी ठेवावी.

नदी गाठणे

अँकरेज या अलास्कातील सर्वांत मोठ्या शहरापासून या प्रदेशात रस्ता जात नाही. अँकरेजहून किंग सॅल्मन, इलिआम्ना किंवा डिलिंगहॅम या गावांना नियमित विमाने जातात आणि तिथून पुढे पाण्यावर उतरणारी छोटी फ्लोटप्लेन घ्यावी लागतात. सिएटल परिसरात बरेच मराठी लोक राहतात. त्यांना अँकरेज विमानाने साडेतीन तासांवर आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याने व्हिसा, लांबचा प्रवास आणि घड्याळाचा फरक धरून पहिला दिवस मोकळाच ठेवावा.

यात तीन मार्ग आहेत. लॉजमध्ये राहून रोज विमानाने वेगळ्या नदीवर जाणे सर्वांत महाग, पण पाणी चढले किंवा मासे हलले तर जागा बदलण्याची मोकळीक त्यातच मिळते. नदीकाठच्या एका मुक्कामी राहून होडीने त्याच नदीत मासेमारी करणे त्याहून स्वस्त असते, आणि नॅकनेकसारख्या नदीसाठी मला तेच योग्य वाटते, कारण मोठी नदी कळायला चार-पाच दिवस लागतातच. तिसरा मार्ग रबरी राफ्ट घेऊन वरच्या सरोवरावर उतरायचे आणि आठवडाभर तंबूत राहत खाली यायचे असा आहे. अलॅग्नॅक नदीवर असे अनेक जण करतात. ज्याने रानात, थंड पावसात, स्वतःच्या भरवशावर मुक्काम केलेला नाही त्याने वाटाड्याशिवाय हा मार्ग धरू नये.

फ्लोटप्लेनमध्ये प्रत्येकाचे सामानासह वजन मोजले जाते. कडक सुटकेस चालत नाहीत. विमानाच्या शेपटीकडच्या निमुळत्या जागेत दाबून बसेल अशी मऊ, पाणी न शिरणारी पिशवी हवी आणि रॉड चार तुकड्यांचा असावा.

साहित्य

अंड्यांच्या आणि लहान ओढ्यांच्या मासेमारीसाठी नऊ फुटी, सहा किंवा सात वजनाचा (हा आकडा रॉडच्या ताकदीची श्रेणी सांगतो) रॉड आणि तरंगती लाइन पुरते. मोठ्या नदीत जड फ्लाय आणि बुडणारी टोके फेकायची असतील तर आठ वजनाचा एकहाती किंवा सात वजनाचा बारा-तेरा फुटी दोनहाती रॉड घ्यावा. दोनहाती रॉडचा खरा फायदा असा, की मागे झाडी असली किंवा समोरून वारा असला तरी दिवसभर न थकता लांब फेक जमते. रिळाचा ब्रेक गुळगुळीत असावा आणि लाइनमागे किमान शंभर मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, असावे, कारण मोठा ट्राउट पहिल्या धावेतच सगळी लाइन बाहेर काढू शकतो. टिपेट, म्हणजे गळाजवळचा शेवटचा बारीक धागा, फ्लुरोकार्बनचा, अंड्यांसाठी आठ ते दहा पौंडी आणि मोठ्या फ्लायसाठी बारा ते सोळा पौंडी ठेवावा. याहून बारीक टिपेट वापरल्याने झुंज लांबते आणि मासा विनाकारण दमतो.

छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक विजार), त्यावर घट्ट कमरपट्टा, आत लोकरी थर, वर चांगला पावसाळी कोट आणि ध्रुवीकृत काचांचा तपकिरी चष्मा हे सर्व आवश्यक आहे. नमद्याच्या (फेल्टच्या) तळाचे बूट मात्र नेऊ नयेत. एका पाण्यातील परके जीव दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून अलास्काच्या गोड्या पाण्यात २०१२ पासून त्यांना बंदी आहे. रबरी तळाचे, खिळे ठोकलेले बूट आणि एक आधाराची काठी घ्यावी. डास आणि चावऱ्या काळ्या माश्यांसाठी डोक्यावर घ्यायची जाळी खिशात असावी. ऑगस्टमध्ये वारा पडलेल्या दिवशी तिच्याशिवाय उभेही राहवत नाही.

फेकीचा सराव घरी करून जावा. त्यासाठी नदीच हवी असे नाही. एखाद्या मोकळ्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा पिवळा तुकडा बांधून रोज वीस मिनिटे सराव केला तरी महिन्याभरात हात बसतो. फार लांब फेकीची गरज बहुधा पडत नाही. पंधरा मीटरवर, वाऱ्यात, हव्या त्या रेषेत लाइन पडली पाहिजे.

मण्याने अंड्याची नक्कल

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वाधिक मासे देणारी पद्धत प्लॅस्टिकच्या मण्याची आहे आणि ती नीट समजून घेतली तर बाकीचे अर्धे काम झाले. सॉकायच्या अंड्यासाठी वाटाण्याएवढा आठ मिलिमीटरचा आणि किंग किंवा चमच्या अंड्यासाठी दहा मिलिमीटरचा मणी लीडरवर, म्हणजे लाइनच्या पुढे जोडलेल्या पारदर्शक धाग्यावर, ओवून, छोट्या खुंटीने किंवा दातकोरणीच्या टोकाने जागीच अडकवतात. त्याच्या खाली दीड ते दोन इंचांवर आठ किंवा दहा नंबरचा मोकळा गळ बांधतात. ट्राउट अंडे तोंडात घेतो, नको वाटले की थुंकतो, आणि मणी बाहेर पडताना मागचा गळ जबड्याच्या कडेला बसतो. हे अंतर वाढले तर गळ डोळ्यात किंवा कल्ल्यापाशी लागतो. म्हणूनच मणी गळापासून दोन इंचांच्या आत पक्का बसवलेला असावा किंवा लीडरवर मोकळा सरकता असावा, असा अलास्काचा नियम आहे. आणखी एक बारकावा असा, की जिथे केवळ फ्लायलाच परवानगी आहे अशा पाण्यात मोकळ्या गळावरचा मणी ही फ्लाय धरली जात नाही. तिथे गळावरच बांधलेली अंड्याची फ्लाय वापरावी.

रंगाकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे. नुकतेच सुटलेले अंडे गडद नारिंगी, आरपार दिसणारे आणि चकचकीत असते. पाण्यात काही दिवस राहिले की त्याची चमक जाते, रंग फिका गुलाबी-पिवळसर होतो, आणि मेलेले अंडे दुधासारखे अपारदर्शक होते, कधी आत तांबडा ठिपका उरतो. ओढ्यात पोहोचल्यावर लगेच फेक टाकू नये. काठाशी, गोट्यांच्या मागे साचलेल्या पाण्यात वाकून पाहावे. तिथे चार-सहा अंडी हमखास सापडतात. ती ओल्या तळहातावर घेऊन शेजारी आपले मणी ओले करून ठेवावेत आणि उन्हाकडे धरून जुळवावेत. कोरडा मणी आणि ओला मणी यांच्या रंगात फरक पडतो. हंगामाच्या सुरुवातीला गडद रंग चालतात, सप्टेंबरात फिके आणि धुरकट चालतात, आणि अनेक दिवशी ताज्या अंड्यांपेक्षा जुन्या, मेलेल्या अंड्याच्या रंगालाच मासे जास्त लागतात, कारण वाहून येणाऱ्यांत त्यांचाच भरणा असतो. अनुभवी लोक नेलपॉलिशचे पातळ थर देऊन मण्यांना हवी ती छटा आणतात.

यानंतर वाहणे महत्त्वाचे. अंडे स्वतः पोहत नाही, त्यामुळे मणी प्रवाहाच्या वेगाने, तळाला लागून आणि कोणत्याही ओढीशिवाय गेला पाहिजे. लीडरवर तरंगता इंडिकेटर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर बसवावा आणि मण्याच्या वर अर्ध्या मीटरवर शिशाची छोटी गोळी लावावी. फेक वरच्या अंगाला तिरकी टाकावी आणि लाइन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने ती उचलून उगमाच्या बाजूला टाकावी, म्हणजे मधला वेगवान प्रवाह तिला पुढे खेचत नाही. ही लाइन पलटण्याची क्रिया वाहणे संपेपर्यंत गरजेप्रमाणे करत राहावी. शिशाची गोळी मधूनमधून तळाला टेकते आहे हे इंडिकेटरच्या बारीक थरथरीतून कळते. ती कधीच टेकत नसेल तर वजन वाढवावे, सतत अडकत असेल तर कमी करावे. पाण्यावर वाहणाऱ्या फेसाच्या बुडबुड्यांहून इंडिकेटर वेगाने पळत असेल तर मणी ओढला जातो आहे आणि मासा त्याकडे बघणारही नाही. इंडिकेटर थांबला, दबला किंवा तिरका झाला, की रॉड वर न उचलता प्रवाहाच्या खालच्या दिशेला, आडवा, झटका द्यावा. अशाने गळ माशाच्या तोंडातून सुटण्याऐवजी कोपऱ्यात रुततो.

जागा निवडताना सॅल्मनवर नजर ठेवावी, पण फ्लाय सॅल्मनच्या अंगावर टाकू नये. अंडी घालणाऱ्या सॅल्मनला चुकून गळ लागला तर त्याची उरलीसुरली शक्ती जाते, आणि ती अंडी हेच पुढच्या सगळ्याचे मूळ आहे. तसेच खडीतील फिक्या रंगाचे, धुतल्यासारखे स्वच्छ दिसणारे लांबट पट्टे म्हणजे अंडी पुरलेल्या जागा; त्यांवर कधीही पाय ठेवू नये. काठाने वळसा घालावा, मग दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

मांसाची फ्लाय आणि आडवी फिरवणारी फेक

सप्टेंबरच्या मध्यापासून फिकट गुलाबी, मळकट पांढऱ्या किंवा साईच्या रंगाच्या सशाच्या कातडीच्या पट्टीची फ्लाय, म्हणजे सडत चाललेल्या सॅल्मनच्या मांसाच्या तुकड्याची नक्कल, उपयोगी पडते. तीही मण्यासारखीच मोकळी वाहू द्यावी. मोठ्या नदीत मात्र मला फ्लाय आडवी फिरवण्याची पद्धत अधिक आवडते. त्यासाठी काळी-जांभळी जळू, ऑलिव्ह किंवा तपकिरी स्कल्पिन नावाच्या तळाशी राहणाऱ्या माशाची नक्कल, किंवा डॉली लामासारखी दोन गळांची लवचिक लांब फ्लाय बुडणाऱ्या टोकावर बांधतात. ज्या पाण्यात एकच गळ चालतो तिथे दोहोंपैकी एका गळाचे टोक कापून टाकावे लागते.

फेक समोर आणि थोडी खाली, साधारण ४५ अंशांत टाकावी. एकदा लाइन वर पलटून फ्लायला बुडायला वेळ द्यावा आणि मग तिला प्रवाहातून अर्धवर्तुळात आपल्या काठाकडे येऊ द्यावे. रॉडचे टोक फ्लायच्या मागोमाग न्यावे. फ्लाय काठाशी आली की पाच-सहा सेकंद तशीच लटकू द्यावी. मागोमाग आलेला मासा तिथेच घेतो. मग दोन पावले खाली सरकावे आणि पुन्हा तेच. सर्वांत अवघड भाग झटका न देणे हा आहे. मासा टोचून बघतो, ओढतो, सोडतो. त्या वेळी हात आवरून लाइन तशीच धरावी, तो वळून निघाला आणि वजन जाणवले की मगच रॉड काठाच्या दिशेने आडवा न्यावा. एकाच जागेवर तासभर फेकत बसण्यापेक्षा अशा पावलापावलाने दीडशे मीटरचा पट्टा दोन वेगवेगळ्या रंगांनी दोनदा चाळणे कितीतरी फलदायी ठरते.

जूनमध्ये किंवा ऑगस्टच्या काठोकाठ भरलेल्या पाण्यात, गवताळ काठाखाली उंदराची तरंगती फ्लाय ओढण्याची मजाही घ्यावी. पाण्यात पडलेले रानउंदीर ट्राउट खरोखर खातात. फ्लाय काठाला चिकटून पाडावी, सतत वळवळत ठेवावी आणि पाणी फुटले तरी वजन लागेपर्यंत ओढणे थांबवू नये.

मासा लागल्यावर

पहिली धाव अडवू नये. लाइन रिळावर येऊ द्यावी, ब्रेकला काम करू द्यावे आणि आपण काठाने माशाच्या बरोबरीने खाली चालावे. तो थांबला की रॉड खाली, आडवा ठेवून विरुद्ध बाजूने ताण द्यावा. डोके वळले की शक्ती लवकर मोडते. खडकाळ वेगवान पाण्यात ओढाताण करण्यापेक्षा गुडघाभर शांत पाण्याकडे नेऊन रबरी जाळीत घ्यावे.

त्यानंतरचे सगळे पाण्यातच व्हावे. हात आधी ओले करावेत, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबलेला असेल तर तो एका हालचालीत निघतो. फोटो घ्यायचाच तर कॅमेरा तयार ठेवून, एक हात शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा पुढच्या परांखाली हलका ठेवून, पाण्याच्या वर वीतभर उचलावे आणि श्वास रोखून मोजलेल्या दोन-तीन क्षणांत परत पाण्यात घ्यावे. कल्ल्यांत बोट घालू नये, पोट दाबू नये. वजनकाट्याला टांगण्याची तर गरजच नाही. इंचांत लांबी आणि पराच्या पुढचा घेर मोजून, घेराच्या वर्गाला लांबीने गुणावे व ८०० ने भागावे. उत्तर पौंडांत येते. २८ इंच लांब आणि १६ इंच घेराचा मासा या हिशेबाने जवळपास नऊ पौंडांचा, म्हणजे सुमारे चार किलोंचा ठरतो. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि शेपटीचा जोर हाताला जाणवून तो स्वतः निघेपर्यंत धरावे.

अस्वले

कॅटमाईत सुमारे २२०० तपकिरी अस्वले राहतात आणि तीही त्याच सॅल्मनसाठी त्याच ओढ्यांवर येतात. वळणावर आणि दाट झुडपांत बोलत, टाळ्या वाजवत चालावे. कॅटमाईत अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. अस्वल येताना दिसले की फेक थांबवून लाइन गुंडाळावी आणि शांतपणे बाजूला व्हावे, पळू नये. मासा लागलेला असेल तर लाइन ढिली करावी किंवा तोडावी. तडफडणाऱ्या माशाचा आवाज म्हणजे अस्वलाला आमंत्रण, आणि माणसाच्या गळावरचा मासा आयता मिळतो हे एकदा त्याला कळले तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ते धोक्याचे होते. हे अस्वलाच्याही जिवावर बेतते. अन्न, दुर्गंधीनाशके आणि टूथपेस्टसुद्धा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून दूर ठेवावीत. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून तो किंग सॅल्मन किंवा इलिआम्नाला पोहोचल्यावर घ्यावा आणि फ्लोटप्लेनच्या वैमानिकाला आधी सांगावे. तो प्रवाशांच्या जागेत न ठेवता बाहेर फ्लोटच्या कप्प्यात ठेवला जातो.

नियम, जमीन आणि परतीचे दिवस

परवाना अलास्काच्या मत्स्य व शिकार विभागाकडून ऑनलाइन मिळतो. किंग सॅल्मनसाठी वेगळा शिक्का लागतो. १९९० साली या भागातील जंगली रेनबोसाठी स्वतंत्र व्यवस्थापन योजना आखली गेली. तेव्हापासून काही पाण्यात केवळ फ्लाय, काही ठिकाणी आमिषाशिवाय एकच गळ आणि अनेक ठिकाणी ट्राउट परत सोडणे सक्तीचे आहे. एकाच सरोवराला मिळणाऱ्या दोन ओढ्यांचे नियमही वेगळे असू शकतात. त्या वर्षाची नियमपुस्तिका नदीच्या नावासकट वाचून, संबंधित पान बरोबर ठेवावे.

नदीकाठची बरीच जमीन युपिक, डेनाइना आणि अलुटिक लोकांच्या गाव-महामंडळांच्या मालकीची आहे. पुराच्या नेहमीच्या रेषेखालून चालता येते, पण वर तंबू ठोकायचा तर आधी परवानगी घ्यावी आणि शुल्क असेल ते भरावे. सॅल्मन सुकवण्याच्या त्यांच्या शेड, जाळी आणि होड्या यांना हात लावू नये. अप्पर टॅलारिक आणि कोकटुली नद्यांच्या उगमापाशी पेबल नावाची तांबे-सोन्याची प्रचंड खाण प्रस्तावित होती. तिच्याविरुद्ध सर्वांत दीर्घ लढा याच गावांनी आणि इथल्या मच्छीमारांनी दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या पाण्यात खाणीचा गाळ टाकण्यावर बंदी घातली. आपण ज्या नदीत उभे राहतो ती शाबूत आहे यात या लोकांचा मोठा वाटा आहे, हे पाहुण्याने वागण्यातून दाखवावे.

परतीचे विमान ठरवताना फ्लोटप्लेनचा भरवसा धरू नये. धुके उतरले किंवा सरोवरावर वारा वाढला की वैमानिक येत नाही, आणि त्याने यावे म्हणून कोणी आग्रह करू नये. राफ्टवर जाणाऱ्यांनी तीन दिवसांचे जादा अन्न आणि उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र बरोबर ठेवावे. अँकरेजहून पुढचे तिकीट नदीवरून निघण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर किमान दोन दिवसांनी काढावे. हवामानाने साथ दिली तर ते दोन दिवस वेडर आणि बूट पूर्ण वाळवायला उपयोगी पडतात.